डावी पाकळी

आमच्या संस्थेच्या तळेगावच्या कार्यालयात जिन्याच्या वळणावर एक फोटो होता. दगडाचा देव, त्याच्यावर शेंदूर, आणि त्या देवाला चाफ्याची पाकळी चिकटवणारा एक हात. खाली ओळ होती, ‘लोकांचा निर्णय, लोकांच्या पद्धतीने’. ती ओळ मीच लिहिली आणि तो हातही माझाच. नीट पाहिलं तर अंगठ्याच्या टोकाला शेंदूर लागलेला दिसतो. कोणी इतकं नीट पाहत नाही. मी मात्र अडीच वर्षं, जिना चढताना आणि उतरताना, तेवढंच पाहत होतो.

मी कमी बोलतो. घरात, कार्यालयात सगळ्यांना त्याची सवय आहे, आणि त्या सवयीचा मला फार उपयोग झाला. गप्प माणसाला कोणी ‘काय लपवतोयस’ असं विचारत नाही.

मी मूळचा इंदुरीचा. इंद्रायणीच्या काठाला आमची थोडी शेती आहे, ती भाऊ बघतो. मी वराळ्याच्या बाजूला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतो. तो बंद पडल्यावर संस्थेत आलो आणि हळूहळू प्रस्ताव लिहिणारा माणूस झालो. गावाला काय हवंय ते ऐकायचं, कंपन्यांना काय द्यायचंय ते वाचायचं, आणि दोन्ही एका कागदावर बसवायचं, हे माझं काम. मला ते चांगलं जमायचं. फॉर्मच्या रकान्यात किती अक्षरं मावतात हे मला न मोजता कळायचं. ‘लाभार्थी’, ‘शाश्वतता’, ‘लोकसहभाग’ हे शब्द कुठे पेरायचे हेही कळायचं. संस्थेच्या प्रमुख बाई नव्या मुलांना म्हणायच्या, “यांच्याकडून शिका. हे खोटं लिहीत नाहीत, पण खरं असं लिहितात की मंजूर होतं.”

मी ज्या वाडीबद्दल सांगतोय ती लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या अंगाला, डोंगराच्या कडेला आहे. वीस-बावीस घरं, सगळी ठाकरांची. पावसाळ्यात शनिवार-रविवारी खालचा रस्ता पर्यटकांच्या गाड्यांनी असा तुंबतो की वाडीतलं माणूस आजारी पडलं तरी सोमवारची वाट बघतं. आम्ही जायचो ते मधल्या वारी, आणि शक्यतो उन्हाळ्यात, कारण पाण्याचं दुखणं उन्हाळ्यात दिसतं.

वाडीच्या वर देवाची राई आहे. जुनी मोठी झाडं, आत दगडाचा देव आणि देवाच्या मागे कातळातून येणारा झरा. तो झरा तेव्हा बारमाही होता. राईत लोखंड न्यायचं नाही, हा नियम. कोयता, कुऱ्हाड बाहेर एका दगडापाशी ठेवायची. बायका हंडे घेऊन तिथवर चढायच्या. एका खेपेला चढ-उतार धरून पाऊण तास, आणि दिवसाला तीन-चार खेपा.

वराळ्याजवळच्या एका कंपनीने त्या वर्षी पाण्याच्या कामांसाठी प्रस्ताव मागवले होते. आमच्या अभियंत्याने एक दिवस जाऊन आराखडा काढला. झऱ्याच्या तोंडाशी सिमेंटची पेटी, तिथून पाइप, आणि वाडीत घरोघर नळ. सगळं जुळलं होतं. फॉर्मला फक्त वाडीची संमती जोडायची राहिली होती आणि शेवटच्या तारखेला चार दिवस उरले होते. संमती आणायला मी गेलो, सोबत फोटो काढायला एक सहकारी.

वाडीत एक आबा आहेत. पेरणी कधी करायची, पोरगी कुठे द्यायची, शेरडं का मरतायत, जे काही अडेल ते लोक त्यांना विचारायचे आणि आबा राईत जाऊन देवाला कौल लावायचे. देव जे सांगेल ते आबा बाहेर येऊन सांगणार, आणि आबांनी सांगितलं की विषय संपला. वाडीला पाटील नाही, समिती कागदावर आहे. वाडी चालायची ती आबांच्या शब्दावर.

आबांनी आराखडा उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, “झऱ्याच्या तोंडाला लोखंड लावायचं न्हाई.”

मी म्हटलं, “आबा, पेटी बांधायची तर कातळ थोडा फोडावा लागेल.”

“मग हितं कशाला बांधताय? राईच्या भायेर, खाली, खडकावरनं पाणी पडतंय तितं टाकी बांधा. देवाचं उष्टं पाणी, ते आपलं. वरच्याला हात कशाला लावायचा?”

मी उठून तो खालचा खडक पाहून आलो. म्हातारा बरोबर होता. तिथे टाकी होऊ शकत होती. पण तिथे उन्हाळ्यात किती पाणी पडतं हे कोणी मोजलेलं नव्हतं. ते मोजायला एक अख्खा उन्हाळा हवा, मग नवा आराखडा, नवं अंदाजपत्रक. म्हणजे ही तारीख गेली. त्या वर्षी माझे दोन प्रस्ताव परत आले होते आणि बाई मला म्हणाल्या होत्या, “हा तरी आला पाहिजे.” मी परत येऊन आबांना म्हटलं, “पुढच्या वर्षी कंपनी पाण्याला पैसे देईल का नाही, काय सांगावं?” हे खोटं नव्हतं. माझं बरंचसं बोलणं तेव्हा खोटं नसायचं.

आबांच्या बायकोला सगळी वाडी मावशी म्हणते. त्या ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या. तिथूनच म्हणाल्या, “देवाला म्हणावं, एकदा हंडा डोक्यावं घे आन् चढून दाव. मग सांग लोखंड लावायचं का न्हाई.”

सगळे हसले. आबाही हसले. “हिच्या तोंडाला कौल लावायला पायजे,” म्हणाले. मग मला म्हणाले, “उद्या सकाळी या, फॉर्मवाले भाऊ. इचारू त्याला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वाडी राईत जमली. आबांनी देवाला तेल-शेंदूर लावला. कौलाची त्यांची पद्धत साधी. चाफ्याच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या दगडाला चिकटवायच्या, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. मग आबा प्रश्न विचारणार. उजवी आधी पडली तर देव होय म्हणाला, डावी पडली तर नाही.

पाकळ्या मात्र आबा स्वतः लावत नाहीत. ज्याचं त्या प्रश्नात काही अडलेलं नाही अशा माणसाने त्या लावायच्या. पेरणीचा प्रश्न असेल तर ज्याला शेत नाही तो, सोयरिकीचा असेल तर ज्याचं त्या घराशी नातं नाही तो. पाण्याच्या बाबतीत वाडीत असं कोणीच नव्हतं, कारण पाणी सगळ्यांना लागतं. आबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं.

“फॉर्मवाले भाऊ लावतील. त्यांना काय, हितलं पाणी प्यायचं न्हाई का वाहायचं न्हाई.”

‘आबा, इथे सगळ्यात जास्त माझंच अडलंय,’ एवढं एक वाक्य तेव्हा म्हणायचं होतं. आजवर मी जी वाक्यं बोललो नाही त्यात हे पहिलं. मी चपला काढून पुढे झालो.

उजवी पाकळी मी कोरड्या, उघड्या दगडावर नुसती टेकवली. डाव्या बाजूला शेंदूर ओघळून दाट साचला होता. डावी पाकळी मी त्या शेंदरात अंगठ्याने दाबली. ठरवून दाबली. मागे सगळे उभे होते, पण माझी पाठ आड होती. सहकाऱ्याने फोटो काढला तो त्याच क्षणी.

आबा हात जोडून म्हणाले, “तुझ्या झऱ्याच्या तोंडाला हात लावू का? पोराबाळांसाठी लावतोय. रागावणार न्हाईस ना?” त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत उजवी पडली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मावशींनी माझ्याकडे बघून म्हटलं, “पाव्हण्याचा हात हलका हाय.”

मी प्रस्तावात कौलाबद्दल एक परिच्छेद लिहिला आणि फोटो जोडला. कंपनीच्या माणसांना तोच भाग सगळ्यात आवडला, असं बाईंनी नंतर सांगितलं. मंजुरी आली. दिवाळीनंतर काम सुरू झालं, राईत ब्रेकर गेला, कातळ फुटला, पेटी बांधली, नळ आले. पहिल्या उन्हाळ्यात नळाला पाणी होतं. मावशींनी मला नळाखाली हंडा भरून दाखवला आणि भरलेला हंडा मुद्दाम सांडला. “सांडू दे. कदी सांडला न्हाई जन्मात.” मी तेव्हा मनाशी म्हटलं, चला, जे झालं ते बऱ्यासाठी झालं. पाकळीचं टोचणं जवळजवळ थांबलं होतं.

दुसऱ्या वर्षी होळीनंतर धार बारीक झाली. चैत्र संपता संपता नळ कोरडे पडले आणि पेटीतही काही उरलं नाही. आमचा अभियंता म्हणाला, कातळ फोडताना आत चीर गेली असणार, पाणी दुसरीकडून निघून गेलं, होतं असं कधीकधी. वाडीला टँकर सुरू झाला. टँकर वाडीपर्यंत चढत नाही, खालच्या वळणावर थांबतो. म्हणजे आधी वर चढून पाणी आणायचं होतं, आता खाली उतरून आणायचं, एवढाच फरक. अहवालात मी ‘भूगर्भीय कारणांमुळे’ असं लिहिलं.

पाण्याचं मी सहन केलं असतं. प्रकल्प फसतात, त्यासाठी शब्दही असतात. पण त्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत मावशी भेटल्या. आबा कसे आहेत म्हणून विचारलं.

“बसून असत्यात. आता त्यांना कुणी इचारत न्हाई.”

“म्हणजे?”

“पोरीची सोयरीक असली की लोक पल्याडच्या वाडीतल्या म्हाताऱ्याकडं जात्यात कौलाला. हितं न्हाई. भांडान न्हाई, तंटा न्हाई. नुसतं इचारत न्हाईत.”

“आणि आबा?”

“ते म्हणत्यात, देव तर व्हय म्हणला. मग मी इचारताना काय चुकलो? दोन म्हैने झाले, तेच. रातंदिस तेच. ‘हात लावू का’ म्हणलो, ‘लोखंड लावू का’ न्हाई म्हणलो, म्हणून फसलो आसंल. उठलं की तेच, बसलं की तेच.”

हंडे हातभर पुढे सरकले, मी बाजूला झालो आणि गाडीत जाऊन बसलो. कार्यालयात आलो तर जिन्यात फोटो होता. अजून जवळजवळ एक वर्ष मी तो पाहत राहिलो. हे वर्ष मला कुठल्याच शब्दात बसवता येत नाही. आधीचं जे होतं त्याला घाई म्हणता येईल. ह्या वर्षाला भित्रेपणाशिवाय नाव नाही.

शेवटी गेलो ते काही विशेष घडलं म्हणून नाही. त्याच कंपनीने पुन्हा फॉर्म पाठवला. त्यात एक नवा रकाना होता, ‘मागील प्रकल्पातून आपण काय शिकलात?’ मी सवयीने लिहायला लागलो. छान लिहीत होतो. दुसऱ्या ओळीवर थांबलो, संगणक बंद केला आणि लोणावळ्याची गाडी पकडली. माघ महिना होता, दुपारची वेळ. आबा अंगणात बांबूच्या कामट्या काढत बसले होते.

मी समोर बसलो आणि गाडीत ठरवून आलेलं सगळं विसरलो. म्हटलं, “आबा, तुमचं विचारणं चुकलं नव्हतं. माझा हात चुकला. मी डावी पाकळी शेंदरात दाबून लावली होती. पडू नये म्हणून.”

आबांचा कोयता थांबला. “कंची म्हणला?”

“डावी.”

“आन् उजवी?”

“नुसती टेकवली होती.”

त्यांनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. मी शिव्यांची वाट बघत होतो. पण त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जे आलं ते मी अपेक्षिलं नव्हतं. सुटका झाल्यासारखे खांदे सैल पडले त्यांचे. म्हणाले, “म्हंजी माझं इचारणं बरूबर होतं.”

“हो.”

“आन् त्यो पण खोटं बोलला न्हाई.”

“नाही.”

“त्याला बोलूच दिलं न्हाई तुमी.” मग आवाज चढला. “वरीस होत आलं, मी त्याच्याकडं पाठ करून बसलोय! राईत पाय ठेवला न्हाई मी! एक दिवस येऊन सांगाया काय पाय मोडले होते तुमचे?”

मावशी दारात आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या आबांसारख्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “मी देवाला हंडा घे म्हणले व्हते ना, म्हणून झरा आटला, असं अख्खी वाडी म्हणती. माझी सून म्हणती. मला पण वाटाया लागलं व्हतं.” मला हे माहीत नव्हतं. मी आबांसाठी म्हणून गेलो होतो, मावशींचा हिशोब माझ्या मनातच नव्हता. “मला वाटलं माझ्या जिभेनं वाडीचं पाणी गेलं,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. चहा आला नाही. वाडीत चहा न मिळण्याची ती माझी पहिलीच वेळ.

आबा म्हणाले, “मला एकल्याला सांगून भागायचं न्हाई. मंगळवारी राईत सगळे असतील. तितं सांगा.”

मंगळवारी सांगितलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण. कोणी अंगावर आलं नाही. एकजण म्हणाला, “ह्यांचं काय अडलंय म्हणून ह्यांचा हात लावला आपण. त्यापरीस म्हशीची शेपटी लावली असती, म्हस तरी फॉर्म भरत न्हाई.” लोक हसले, आणि ते हसणं शिवीपेक्षा लागलं. मावशींची सून मागे उभी होती. ती सासूकडे न बघता सासूच्या शेजारी येऊन बसली. दुसरं काही झालं नाही.

बाईंनाही सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “कंपनीला पत्र लिही. सगळं. ‘भूगर्भीय’ वगैरे नको.” लिहिलं. कंपनीकडून दोन ओळींचं उत्तर आलं की नोंद घेतली आहे. बाईंनी जिन्यातला फोटो स्वतः काढला. खिळा अजून तिथेच आहे. आणि मला म्हणाल्या, “यापुढे फॉर्म तू भरायचे नाहीत. तो खालचा खडक मोजायचा राहिलाय ना? तो मोज.”

आबांना मी विचारलं, खालच्या खडकासाठी कौल लावायचा का. ते म्हणाले, “त्याला काय इचारायचं? त्यो खडक राईच्या भायेर हाय. ते तुमचं काम, देवाचं न्हाई. मोजा.”

म्हणून आता मी पंधरा दिवसांतून एकदा जातो. खडकावरून अजून पाणी पडतं, आधीपेक्षा कमी, पण पडतं. खाली बादली धरायची, घड्याळ लावायचं, बादली भरायला किती वेळ लागला ते वहीत लिहायचं. बस. पूर्ण उन्हाळ्याचे आकडे हातात आल्याशिवाय कोणीही प्रस्ताव लिहिणार नाही, असं ठरलंय. यंदाची तारीख गेली. मावशी टँकरवरून हंडा घेऊन चढताना मला बादलीपाशी बघतात. कधी बोलतात, कधी नाही. मागच्या खेपेला म्हणाल्या, “भरली का? का तिलाबी अंगठा लावताय?”

त्याच दिवशी, मी वही मिटत होतो तेव्हा वाडीतली एक बाई आपल्या पोरीला घेऊन वर राईकडे निघाली होती. आबा पुढे होते. हातात चाफ्याची फुलं. मला बघून बाई आबांना म्हणाली, “पाकळ्या लावाया कुणाला घ्यायचं? हितं सगळी भावकी. कुणाचं ना कुणाचं नातं निघतंय.”

आबा थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पोरीच्या सोयरिकीशी माझा काडीचा संबंध नव्हता. मी बादली खाली ठेवली.

“तुमी न्हाई,” आबा म्हणाले.

खालच्या वळणावर टँकरने हॉर्न दिला.

“त्यो ड्रायव्हर चाकणकडचा हाय ना?” आबांनी विचारलं. “त्याला कुणाची पोरगी कुटं जाती ह्याचं काय पडलंय? भाऊ, जरा खाली जावा आन् त्याला वर घेऊन या. आन् आधी त्याला इचारा, ह्यात तुझं काय अडलंय का म्हणून. नीट इचारा.”

मी वही खिशात घातली आणि त्याला आणायला उतरलो.